शाळांतील उपचार-साहित्य : एक हिशेब



आपले फिजिओथेरपिस्ट व ऑक्युपेशनल थेरपिस्ट अनेक शाळांत जातात. साहित्य मात्र सामायिक असते. मी वाणिज्य शाखेचा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठीची स्टँडिंग फ्रेम मी जडवस्तू नोंदवहीत एका शाळेच्या नावे चढवली आणि हिशेब जुळला म्हणून निश्चिंत झालो. तेथील मुलाची उंची वाढली, फ्रेम अपुरी पडली, कपाटाआड गेली. दुसऱ्या शाळेतील चिमुरडी मात्र तिच्यावाचून बसूनच राहिली. चूक माझीच.

आता नोंद मुलाच्या नावे, उंचीसह होते आणि दर सत्रारंभी माप पुन्हा घेतले जाते.

देणगीदारांना एक विनंती : फ्रेमबरोबर तिच्या वेल्क्रो पट्ट्यांसाठीही द्यावे. पट्टा झिजला की मूल फ्रेममध्ये सुरक्षित उभे राहत नाही. पण पट्ट्यावर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही, म्हणून त्यासाठी देणगी क्वचितच येते.