चार्जिंगचा पिन आणि लोकांची अमानत



मला 'कौशल्य आणि रोजगार' यावर बोलायला सांगितलंय. विषय फार मोठा आहे. मी त्यातला लहान तुकडा घेतो : मोबाइलचा चार्जिंग पिन. धाराशिव, उमरगा, परांडा, कुठंही जा, दुरुस्तीच्या काउंटरमागं आपली कितीतरी पोरं बसलेली दिसतील. बहुतेकांना कुणी नीट शिकवलेलं नसतं. बघून बघून हात बसतो, आणि त्यात लोकांचे बोर्ड जातात.

हे काम आपल्याला परकं नाही. मोहल्ल्यात कल्हईवाले यायचे, आठवतंय? तांब्या-पितळेचं भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, मग कथील फिरवायचं. नवसागरानं धातूवरचा काळा थर निघतो, म्हणून कथील धरतं. आपल्या डबीतला फ्लक्स तेच करतो, आणि सोल्डरमध्येही मुख्य धातू कथीलच. परांड्याच्या किल्ल्यावर पूर्वी असलेली मलिक-ए-मैदान तोफसुद्धा तांबं आणि कथील यांचीच. मुहम्मद बिन हसन रूमीनं ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली. तेव्हा 'नुसता मेकॅनिक' असं कुणी म्हणालं तर मान खाली घालू नका.

आता चूक कुठं होते ते सांगतो, कारण मी ती केलीय. पिनच्या कवचाचे पाय बोर्डाच्या भोकांतून आत गेलेले असतात आणि आतल्या तांब्याच्या थरांना जोडलेले असतात. तो तांब्याचा थर उष्णता ओढून घेतो. आपल्याला वाटतं सोल्डर वितळलं, पण आत ते घट्टच असतं. आपण चिमट्यानं ओढतो आणि पिनबरोबर बोर्डावरचा पॅड उचकटून येतो. शिकत असताना एका ऊसतोड कामगाराचा फोन मी असाच घालवला. मुलाचे सगळे फोटो त्यात होते. पैसे परत दिले. फोटो कुठून देणार?

जुनं शिसेमिश्रित सोल्डर, ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं, १८३ अंशांना वितळतं. कारखान्यातलं शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या पुढं. म्हणून आधी बॅटरी सोडवा, शेजारच्या प्लास्टिकवर कॅप्टन टेप लावा, फ्लक्स द्या, जुन्या सांध्यात थोडं शिसेवालं सोल्डर मिसळा म्हणजे तो लवकर सैल होतो. बोर्डाला खालून ऊब द्या, मग वरून गरम हवा. पिन स्वतःहून हलला तरच उचला. नवा बसवल्यावर मल्टिमीटर लावून वीज येणारी रेघ आणि ग्राउंड एकमेकांना चिकटले नाहीत ना, हे बघा. टाइप-सी मध्ये २४ पर्यंत संपर्क असतात, भिंग नसेल तर हात लावू नका. खिडकी उघडी ठेवा, रोझिनचा धूर दम्याला कारण होतो. आणि जेवणाआधी हात धुवा, शिसं बोटांना लागतं.

पण त्याआधी टॉर्च मारून भोकात बघा. पुष्कळदा खिशातला कापूसच अडकलेला असतो. लाकडी काडीनं काढा. त्याचे पिन बदलल्याचे पैसे घेणारे मला माहीत आहेत, आणि ते जुम्म्याला पहिल्या सफेत असतात.

२०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. मोबाइल त्यात आहे. सुटे भाग आणि माहिती छोट्या कारागिराला मिळावी, ही मागणी आपलीही आहे. मात्र हक्क मागताना आपलं काउंटरही बघूया. पिन बदलायला स्क्रीनचा पासवर्ड लागत नाही. फोन चार्जिंगला लावला, आकडा वाढला, काम झालं. तरी आपण पासवर्ड का मागतो? विशेषतः बहिणींकडून?

एका बाईनं मला विचारलं, "तुमच्याकडं बाई कारागीर नाही का?" त्या वेळी माझ्याकडं उत्तर नव्हतं. आता दुपारी दोन ते चार दोन मुली शिकायला येतात. भंगारातल्या बोर्डांचा डबा भरून ठेवलाय. पहिले पन्नास पिन त्याच्यावर काढायचे आणि बसवायचे, गिऱ्हाइकाचा फोन त्यानंतर. एकीचे एकतीस झालेत. तिसरी खुर्ची रिकामी आहे.