बॅटरीची पंगत

(मंडळाच्या पॉइंट कुक येथील मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचे हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द बरेचसे तसेच ठेवले आहेत.)



"इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीवर बोल" असा कार्यकारिणीचा निरोप आला तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, की मी कॉम्प्युटर इंजिनिअर. पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या कंपन्यांतलं सॉफ्टवेअर दुरुस्त करतो. बॅटरी हा काही माझा धंदा नाही. पण गेलं दीड वर्ष, मुलं झोपली की रात्री नऊनंतर, बॅटरी पॅक कसा डिझाइन करतात याचा मी वही-पेन आणि एक्सेल घेऊन अभ्यास करतो आहे. कारण अगदी घरगुती आहे. आपल्याकडे पॉइंट कुकला बरीचशी घरं दुमजली, गॅरेज घरालाच चिकटलेलं, आणि आमच्याकडे तर गॅरेजच्या बरोबर वर मुलांची झोपायची खोली. त्या खोलीखाली रात्रभर तीनेकशे किलोची बॅटरी चार्जिंगला लावायची, तर ती आतून कशी आहे हे ठाऊक असलेलं बरं. सेल्समनच्या "नो वरीज, मेट"ने माझं काही समाधान होईना.

उदाहरणाला जुनी निसान लीफ घेऊ. ऑस्ट्रेलियात ती २०१२ पासून विकली गेली, सेकंडहँड बाजारात अजून दिसते, आणि तिचा पॅक समजायला सोपा आहे. आत १९२ सेल. प्रत्येक सेल म्हणजे एक चपटं पाकीट, साधारण पावणेचार व्होल्टचं आणि ३३ अँपिअर-तासांचं. दोन-दोन सेल समांतर जोडायचे आणि अशा ९६ जोड्या एकसर जोडायच्या. मराठी माध्यमातल्यांना एकसर जोडणी आणि समांतर जोडणी आठवत असेल; विज्ञानाच्या पेपरात हमखास यायची. एकसर जोडलं की व्होल्ट वाढतात, समांतर जोडलं की अँपिअर-तास. म्हणजे ९६ गुणिले ३.७५, झाले ३६० व्होल्ट. दोन गुणिले ३३, झाले ६६ अँपिअर-तास. त्यांचा गुणाकार जवळजवळ २४,००० वॅट-तास, म्हणजे जाहिरातीतले २४ किलोवॅट-तास. बाकी ९६ हा आकडा ऐकून तुमच्यातल्या काहींना जे आठवलं तेच मलाही आठवलं. असो!

आता ३६० व्होल्टच कशाला, आपल्या नेहमीच्या गाडीसारखे १२ का नाहीत? लीफची मोटर ८० किलोवॅटची. ३६० व्होल्टवर तिला सुमारे २२० अँपिअर लागतात. १२ व्होल्टवर साडेसहा हजारांहून जास्त लागतील. तारेत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. एवढा प्रवाह वाहून नेणारी तांब्याची तार गाडीत मावायची नाही. म्हणून व्होल्टेज चढं ठेवतात, आणि म्हणूनच गाडीखालच्या त्या नारिंगी केबलींना आपण हौशी लोकांनी हात लावायचा नाही.

इथपर्यंत माझी समजूत अशी होती की बॅटरी पॅक म्हणजे चांगले सेल आणले, खोक्यात भरले, झालं. खरा विषय इथून पुढे सुरू होतो.

एकसर जोडणीत सगळ्यांमधून एकच प्रवाह वाहतो. कोणाला बाजूला बसून विश्रांती घेता येत नाही. आपण राजगडाला ट्रेकला गेलो की सगळ्यात मागे राहिलेल्या भिडूच्या वेगाने अख्खा ग्रुप चालतो, तसंच हे. ९५ जोड्यांत भरपूर चार्ज शिल्लक आहे आणि एक जोडी संपली, तर गाडीला थांबावंच लागतं. रिकाम्या सेलमधून आणखी प्रवाह ओढला तर तो कायमचा बिघडतो. चार्जिंग म्हणजे याच्या उलट, पंगतच म्हणा ना. एकाने "पुरे!" म्हटलं की वाढपी सगळ्यांचंच वाढणं थांबवतो. एका सेलची ४.२ व्होल्टची मर्यादा गाठली गेली, की बाकीचे अर्धपोटी असले तरी वाढणं बंद. आग्रह करायचा नाही. लिथियमच्या सेलला आग्रह चालत नाही, आणि तो करणाऱ्याचंच घर जळण्याची शक्यता असते.

हा वाढपी म्हणजे बीएमएस, बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम. प्रत्येक जोडीचं व्होल्टेज, ठिकठिकाणचं तापमान आणि एकूण प्रवाह तो सतत मोजतो. ज्यांचं पोट आधी भरलं त्यांच्यातला थोडा चार्ज छोट्या रेझिस्टरमधून उष्णतेच्या रूपात सोडून देतो, म्हणजे मागे राहिलेल्यांना बरोबरीला येता येतं. आणि काही बिनसलं तर कॉन्टॅक्टर नावाचे मोठे स्विच उघडून पॅक गाडीपासून तोडतो.

आमच्या धंद्याच्या जवळचा भाग मला इथे सापडला. बॅटरीत किती चार्ज उरला आहे हे थेट मोजायचा काटाच नसतो हो! किती अँपिअर आत गेले आणि किती बाहेर आले याचा हिशोब ठेवायचा, पासबुकासारखा. प्रत्येक नोंदीत बारीकशी चूक राहते, ती साठत जाते, मग अधूनमधून बँकेच्या स्टेटमेंटशी ताळा करावा लागतो. हा ताळा व्होल्टेजवरून होतो. पण हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत जे लिथियम आयर्न फॉस्फेटचे, म्हणजे एलएफपी सेल असतात, त्यांचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाटच असतं. निम्मी भरली आहे की पाऊण, कळता कळत नाही. म्हणून अशा गाड्यांचे उत्पादक अधूनमधून शंभर टक्के चार्ज करा म्हणतात, तर निकेलवाल्या बॅटरीला रोजच्या वापरात पूर्ण भरू नका म्हणतात. दोन शेजाऱ्यांना दोन उलटे सल्ले मिळतात आणि दोन्ही बरोबर असतात! आपल्या गाडीत कोणते सेल आहेत ते मॅन्युअलमध्ये बघा.

मग उष्णता. जुन्या लीफच्या पॅकला पाण्याचं किंवा पंख्याचं कूलिंग नव्हतंच. स्वस्त आणि सुटसुटीत. पण २०१२ साली अमेरिकेत ॲरिझोनाच्या उन्हात मालकांच्या लक्षात आलं की डॅशबोर्डवरच्या बारापैकी पट्ट्या भराभर गळताहेत. तिथली पहिली पट्टी गेली म्हणजे क्षमता सुमारे १५ टक्के घटली असं समजायचं. आपल्याकडेही उन्हाळ्यात चाळिशी पार होते, आणि गॅरेज म्हणजे भट्टीच. उलट २०२० च्या जानेवारीत बाजारात आलेली, आपल्या अष्टविनायकातल्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होणारी टाटा नेक्सॉन ईव्ही पहिल्यापासून द्रवाने थंड होणारा पॅक घेऊन आली. पुण्याच्या एप्रिलचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना त्याचं कारण सांगायला नको.

पण गंमत अशी की थंड करणारं तेच पाणी गळलं तर? याचं उत्तर आपल्या अगदी जवळ आहे. गिलाँगच्या अलीकडे-पलीकडे जाताना मूराबूल लागतं. तिथे 'व्हिक्टोरियन बिग बॅटरी' उभी राहत होती, २१२ मेगापॅक, ३०० मेगावॅटची. ३० जुलै २०२१ ला, चाचण्या चालू असताना, त्यातल्या एकाने पेट घेतला, शेजारच्या दुसऱ्यालाही आग लागली, आणि ती पूर्ण आटोक्यात यायला चार दिवस लागले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. ती गाडीची बॅटरी नव्हे, पण आतलं शास्त्र तेच. चौकशीत निघालं ते ऐका. कूलंट गळून शॉर्टसर्किट झालं. पण ते लक्षात का आलं नाही? कारण त्या दिवशी तो मेगापॅक किल्लीने बंद करून ठेवला होता, त्यामुळे त्याची देखरेख आणि काही संरक्षणं झोपलेली होती. आणि नवा मेगापॅक मुख्य नियंत्रण यंत्रणेला जोडला जायला २४ तास लागत, तोवर धोक्याची घंटा ऐकणारं कोणी नव्हतं. नंतर ते २४ तास एका तासावर आणले, आणि किल्लीचा वापर टाळायचं ठरलं.

मी हा अहवाल दोनदा वाचला. "बंद आहे म्हणजे सुरक्षित आहे" हे आपलं घरातल्या दिव्याचं तर्कशास्त्र बॅटरीला लागू पडत नाही. स्विच बंद केला तरी सेलमधली ऊर्जा आत असतेच. बंद होतो तो पहारेकरी. आणि निकेलच्या सेलमध्ये तापल्यावर कॅथोडमधूनच ऑक्सिजन सुटतो, त्यामुळे ब्लँकेट टाकून हवा तोडली तरी आग विझत नाही. एलएफपीमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, म्हणून ते जास्त सोशिक. अजिबात पेटत नाहीत असं मात्र नाही.

पुण्यातही मार्च २०२२ मध्ये धानोरी-लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या स्कूटरने पेट घेतला, तो व्हिडिओ तुम्हा सगळ्यांच्या फोनवर आला असेल. त्या वर्षी देशात अशा बऱ्याच घटना झाल्या. त्यानंतर सरकारने एआयएस-१५६ हे मानक कडक केलं. १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. सेल, बीएमएस, चार्जर सगळ्यांचेच नियम वाढले. आतल्या एका सेलमध्ये शॉर्टसर्किट झालं तर पुढे काय होतं, याचीही तपासणी आली. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. एखादा सेल कधीतरी बिघडणारच, हे गृहीत धरून शेजारचा कसा वाचेल ते बघायचं.

भाषणानंतर एका काकांनी विचारलं, "ते सगळं ठीक, पण सेकंडहँड लीफ घेऊ की नको?" काका, आधी गाडीच्या ओबीडी पोर्टला लावायचं छोटं यंत्र आणि फोनवर लीफस्पाय ॲप घेऊन जा. सगळ्या ९६ जोड्यांचं व्होल्टेज दिसतं. विकणारा बॅटरी फुल करून ठेवेल; तुम्ही ती बरीच उतरेपर्यंत चालवा आणि मग बघा. भरल्यापोटी सगळेच सारखे दिसतात. उतरल्यावर एखादीच जोडी बाकीच्यांपेक्षा फार खाली गेली असेल, तर विक्रेत्याचे आभार मानून घरी या.

एका वहिनींचा प्रश्न पुण्यातल्या सासूबाईंच्या स्कूटरबद्दल होता. जुन्या नियमांतली गाडी असेल तर कंपनीने काही दुरुस्ती सुचवली आहे का ते विचारा, तिचाच चार्जर वापरा, आणि जिन्याखाली किंवा दाराशी चार्जिंग नको, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. हे मी माझ्या बाबांनाही फोनवर सांगितलं. त्यांची स्कूटर जिन्याखालीच असते. ते म्हणाले, "अरे, पार्किंगमधला प्लग सोसायटीने बंद केलाय, बिलावरून भांडणं होतात म्हणून." आता पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी तो विषय घेतला आहे, आणि त्यासाठी लागणारा विजेच्या हिशोबाचा तक्ता मी एक्सेलमध्ये करून पाठवला आहे.