रुग्णाचे छायाचित्र कोणाचे?

(रुग्णालयाच्या वार्षिक दिनी दंतविभागप्रमुखांनी केलेले भाषण)



दंतवैद्यकात छायाचित्र हे क्ष-किरण चित्राइतकेच उपयुक्त साधन आहे. उपचारापूर्वीचे व उपचारानंतरचे चित्र शेजारी ठेवले की विद्यार्थी शिकतो आणि रुग्णालाही समाधान लाभते. परंतु आता कॅमेरा, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकाच खिशात असतात. उपचारासाठी घेतलेले चित्र क्षणात जगासमोर जाते आणि ते परत आणता येत नाही.

मागे एका विद्यार्थ्याने आपल्या विभागात मोफत कवळी बसवून घेणाऱ्या एका मावशींना विचारले, "फोटो टाकू का?" त्या म्हणाल्या, "टाका. पण नाही म्हटलं असतं, तर दात बसवले असते ना, डॉक्टर?" त्या प्रश्नाने मी अंतर्मुख झालो. जिथे उपचार विनामूल्य असतो, तिथे होकारामागे संकोच असू शकतो. म्हणून चित्रासाठीची संमती उपचाराच्या संमतीहून वेगळी, मराठीत समजावून आणि लेखी घ्यावी. नकाराने उपचारात तसूभरही फरक पडणार नाही, हे प्रथम सांगावे.

डोळ्यांवर काळी पट्टी ओढली म्हणजे ओळख पुसली, असा समज आहे. दातांवरून अनोळखी मृतदेहाचीही ओळख पटविली जाते, हे आपणच न्यायवैद्यक दंतशास्त्रात शिकवितो. त्यात गावाचे नाव वा उपचाराची तारीख जोडली, तर शेजारीपाजारी सहज ओळखतात. भारतीय दंत परिषदेच्या २०१४ च्या आचारसंहितेनेही रुग्णाची गोपनीयता राखणे हे दंतवैद्याचे कर्तव्य मानले आहे.

"गट खासगी आहे," हा युक्तिवादही टिकत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये कॅनडातील डलहौसी विद्यापीठात अंतिम वर्षाच्या दंतविद्यार्थ्यांच्या बंदिस्त फेसबुक गटातील, सहाध्यायी विद्यार्थिनींविषयीचा हीन मजकूर उघडकीस आला. गटातील १३ विद्यार्थ्यांना रुग्णसेवेतून निलंबित करण्यात आले. भिंतीआड लिहिलेले शब्द अखेर रुग्णांच्या विश्वासाच्याच आड आले.

विद्यार्थिमित्रहो, ही माध्यमे वर्ज्य नाहीत. तंबाखू व मिश्री यांचे दुष्परिणाम, लहान मुलांचे दात घासण्याची रीत, तोंडातील न भरणारी जखम दाखविण्याची निकड, हे सारे अवश्य सांगा. मात्र न तपासता कोणास औषध सुचवू नका, खात्रीचे आश्वासन देऊ नका आणि रागाच्या भरात उत्तर देऊ नका.

देणगीदारांनाही नम्र विनंती. आपल्या दानाचे फलित पाहण्याची इच्छा स्वाभाविक आहे. तरीही अहवालात एखादे हसरे छायाचित्र कमी आढळले, तर ते एका रुग्णाने निर्धास्तपणे दिलेल्या नकाराचे द्योतक समजावे. तोही आपल्याच दानाचा सन्मान आहे.