चांगला गोऱ्हा बाजारात, मरतुकडा वळू गावात

(ग्रामसभेत पाड्यावरच्या तरुणांच्या वतीने केलेले भाषण. बोलले तसेच छापले आहे.)



आम्ही बारावीपर्यंत शिकलो, पण गुरांतलं जे कळतं ते तुमच्याच गोठ्यात शिकलो. चुकलं तर मधेच थांबवा. दर सभेला आपण दाव्यांवर आणि मोजणीवर बोलतो. आज गुरांवर बोलायचं आहे. ते जमिनीपासून वेगळं नाही.

आधी आमच्या घरचंच सांगतो. चार वर्षांपूर्वी आमच्या बाहळ्या गाईला गोऱ्हा झाला. छाती रुंद, खूर काळे न् टणक, अंगावरून हात फिरवला तर तेलकट लागायचा. आदत होता तेव्हाच व्यापारी दारात आला. घरात दवाखान्याचं देणं होतं. आम्ही दिला. रानात राहिला कोण? मागचा पाय वाकडा असलेला, कुणी घेईना म्हणून उरलेला. गाई त्याच्याकडूनच फळल्या. आज आमच्या गोठ्यातली वासरं बघा म्हणजे कळेल.

ही आमच्या एकट्याची गोष्ट नाही. चांगल्याला भाव येतो म्हणून चांगला आधी जातो, आणि गावाचा वंश उरलेल्यावर चालतो. डांगी जात बिघडली म्हणतात. बिघडली नाही, आपणच निवडून निवडून बाहेर पाठवली.

पूर्वी हे खपून गेलं. म्हातारा बैल विकला की नव्या जोडीत तेवढी भर पडायची. मार्च 2015 पासून राज्यात गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. ज्यांनी कायदा केला त्यांच्या दावणीला भाकड बैल नाही, एवढं तर आम्ही बोलणारच. पण आता म्हाताऱ्या जनावराचा पैसा नाही, हे धरून चालावं लागेल. कमाई जनावर जितेपणीच झाली पाहिजे, आणि ती एकाच वाटेनं नको. चिखलणीला भाड्यानं जाणारी जोडी, विकायला कालवड, तूप, शेणखत, आणि राजूरच्या डांगी प्रदर्शनात नेता येईल असा वळू. हे सगळं चांगल्या पैदाशीवर उभं आहे.

काही जण म्हणतील, जर्सीची कांडी भरू. दूध वाढतं, खोटं नाही. पण त्या वासराला आपला आषाढ सोसत नाही. त्याला पेंड लागते, पक्का गोठा लागतो. गोऱ्हा झाला तर वशिंड नीट नाही, जू टिकत नाही, गिऱ्हाईक नाही. आपला डांगी मुसळधार पावसात चिखलात उभा राहतो, अंगच्या तेलानं पाणी निथळून जातं. दूध थोडं देतो, पण खायला रानातलंच मागतो. डॉक्टर आले तर सांगा, डांगीचीच कांडी द्या, नसेल तर राहू द्या.

मग करायचं काय? गावानं एक वळू राखायचा. एका जाणत्या वळूला पन्नासेक गाई होतात. निवडताना नुसता रंग न् शिंगं बघू नका, आई बघा. दरसाल वेताला येते का, उन्हाळ्यात किती खंगते, वासराला पाजून घरात काय उरतं. हे बायांना माहीत असतं, कारण धार त्या काढतात. म्हणून वळू निवडायला निम्म्या बाया पाहिजेत, यावर आम्ही अडून बसणार.

ज्याचा गोऱ्हा ठेवायचा त्याचं नुकसान गावानं भरायचं. नाहीतर गरिबाला सांगणार विकू नको, आणि त्याचं देणं कोण फेडणार? दर गाईमागं ठरीव भात द्यावा असं आम्हाला वाटतं. किती, ते तुम्ही ठरवा. बाकीचे गोऱ्हे दोन दाती व्हायच्या आत दवाखान्यात नेऊन चिमट्यानं खच्ची करून घ्यायचे. दगडानं ठेचणं बंद. आणि तीन वर्षांनी वळू शेजारच्या गावाशी बदलायचा, नाहीतर तो स्वतःच्याच कालवडींवर जाईल.

आता चराईचं. वळू राखला आणि रान बंद झालं तर त्याला काय दावणीला बांधून पोसणार? वरच्या माळाला कुंपण पडलंय, तिथं आपल्या आज्यांनी गुरं राखली. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये चराई हा सामूहिक हक्क लिहिलेला आहे. पुराव्यात परंपरेची चराईची जागा चालते, म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. आपण घरोघर प्लॉटचे दावे भरले, चराईचा सामूहिक दावा मात्र तसाच पडून आहे. गुरांची वही ठेवली, कुणाची किती, कुठल्या महिन्यात कुठल्या माळावर, तर तीच वही वळूला कामाची आणि दाव्यालाही.

येत्या रविवारी सकाळी गुरं सोडायच्या आधी आम्ही घरोघर येतो. गाय, तिची आई, वेत, गोऱ्हा असेल तर त्याचं वय, सगळं सांगा. भाकडही लपवू नका. जुन्या चराईच्या पावत्या कुणाच्या पेटीत असतील तर काढून ठेवा. आणि तोवर कुणी व्यापाऱ्याला गोऱ्हा देऊ नका. देण्याची वेळच आली तर आधी आम्हाला हाक मारा.