विद्यार्थ्याचे आजारपण

बेळगाव, इंदूर वा बडोद्याहून पुण्यास शिकावयास आलेला विद्यार्थी अपरात्री आजारी पडला, की वसतिगृहातील सोबती त्याला जवळच्या खासगी रुग्णालयात नेतात. तेथे पहिला प्रश्न अनामत रकमेचा! बिले पाहून मागाहून पैसे देणारा निधी त्या घटकेला काय कामाचा?

बाहेरून खासगी भासणारी कित्येक मोठी रुग्णालये वस्तुतः सार्वजनिक न्यासांची आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखावयाच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निराळी ठेवली जाते. अशा रुग्णाकडे दाखल करून घेताना अनामत मागता येत नाही. शिवाय २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. गावाकडचे कार्ड परप्रांतातील संलग्न रुग्णालयातही चालते.

घोडे अडते ते उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. दाखला गावच्या तहसील कचेरीतला, आणि मुलगा पुण्यात अंथरुणावर! वसतिगृहात प्रवेश देतानाच अधीक्षकांनी त्याची प्रत मागून घेतली, तर सोबत्यांना ती रात्रीच रुग्णालयात दाखविता येईल.