स्मृती, शब्द आणि ‘द गिव्हर’



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी या शाळेत आयुष्यभर भाषा शिकवली. म्हणून भाषा आणि स्मृती यांच्याशी निगडित अशी एक कादंबरी मी आज बोलण्यासाठी निवडली आहे. अमेरिकन लेखिका लोइस लाउरी यांची ‘द गिव्हर’ ही कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी १९९३ साली प्रसिद्ध झाली. १९९४ साली तिला तेथील बालसाहित्याचे मानाचे न्यूबेरी पदक मिळाले. ती मुलांच्या हाती देऊ नये, असा आग्रह धरणारे पालकही त्या देशात पुष्कळ निघाले. माझे मत आरंभीच सांगून टाकतो : ही कादंबरी मुलांनी अवश्य वाचावी, आणि शक्य तर घरातल्या मोठ्या माणसांबरोबर वाचावी.

कथा घडते ती एका भावी काळातील वसाहतीत. तेथे भूक नाही, युद्ध नाही, बेकारी नाही. हवामान माणसाच्या हुकमतीत आहे, टेकड्या सपाट केल्या आहेत, रंग नाहीसे झाले आहेत. प्रत्येक कुटुंबाला एक मुलगा व एक मुलगी, तीही अर्ज केल्यानंतर मिळतात. बाराव्या वर्षी वडीलधाऱ्यांची समिती प्रत्येकाचा व्यवसाय ठरवून देते. जोनस या मुलाच्या वाट्याला अगदी वेगळे काम येते. गत मानवजातीच्या साऱ्या आठवणी तेथे एकच वृद्ध मनुष्य वाहत असतो. त्या आता जोनसने स्वीकारायच्या असतात. बर्फावरून घसरत जाण्याचा आनंद, उन्हाची ऊब, रणांगणावरची तहान, हे सारे तो वृद्ध त्याला देतो. देणारा म्हणून तो ‘गिव्हर’.

ऑर्वेलच्या १९४९ सालच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीत जुलूम करणारी सत्ता आपल्याला स्पष्ट दिसते. लाउरी यांच्या वसाहतीत तसा खलपुरुष शोधूनही सापडत नाही. सगळे विनयशील आहेत, चूक झाली की क्षमा मागतात, रात्रीच्या जेवणानंतर दिवसभरातल्या भावना एकमेकांना सांगतात. जोनसचे वडील तान्ह्या बाळांची निगा राखणारे प्रेमळ गृहस्थ आहेत. वाचक हळूहळू अस्वस्थ होतो तो या सौजन्यामुळेच.

या वसाहतीत अचूक भाषेचा फार आग्रह असतो. जोनसचा मित्र अ‍ॅशर तीन वर्षांचा असताना खाऊ मागायला गेला आणि बोबड्या जिभेने ‘फटका’ असा अर्थ होणारा शब्द बोलून बसला. त्याला प्रत्येक वेळी फटकाच मिळाला, इतका की काही काळ त्याने बोलणेच सोडले. जेवणापूर्वी ‘उपासमार होते आहे’ असे म्हटल्याबद्दल लहानग्या जोनसचीही कानउघाडणी झाली होती. इथे कोणाची उपासमार होतच नाही, तेव्हा तो शब्द खोटा, असे त्याला समजावण्यात आले. वरवर पाहता भाषेच्या कोणाही शिक्षकाला हा काटेकोरपणा आवडावा. पण त्याच वसाहतीत एक शब्द सर्रास वापरला जातो : ‘मुक्त करणे’. म्हाताऱ्यांना समारंभपूर्वक मुक्त करतात. जुळे जन्मले की त्यातले कमी वजनाचे बाळ मुक्त करतात.

अशुभ उच्चार टाळण्याची रीत आपल्याकडेही आहे. नारळ फोडला न म्हणता आपण वाढवला म्हणतो, बांगडी फुटली तर वाढवली म्हणतो, माणूस गेला की देवाज्ञा झाली म्हणतो. परंतु देवाज्ञा हा शब्द कानी पडताच ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र होते. काय घडले ते त्याला ठाऊक असते. वसाहतीतल्या ‘मुक्त’ या शब्दाखाली मात्र काहीच उरलेले नाही. जोनसचे वडील बाळाच्या कपाळावरच्या शिरेत सुई टोचतात, निष्प्राण देह खोक्यात ठेवून खाली सोडून देतात, आणि नेहमीच्या लाडिक स्वरात त्याचा निरोप घेतात. मरण म्हणजे काय याची स्मृतीच नसल्यामुळे आपण हत्या केली हे त्यांना उमगत नाही. जोनस आईवडिलांना प्रेमाविषयी विचारतो, तेव्हा तो शब्द फार मोघम आहे असे सांगून ती दोघे त्यालाच हसतात. माझ्या मते कादंबरीतील सर्वांत करुण प्रसंग हाच.

आता विरुद्ध बाजूही पाहू. स्पर्शाने आठवणी कशा दिल्या जातात, रंग कसे नाहीसे केले, याचा उलगडा लेखिका करीत नाही. चिकित्सक वाचकाला ते खटकेल, आणि ते रास्तच आहे. शेवटी जोनस लहानग्या गॅब्रिएलला घेऊन पळतो. बर्फातला तो प्रवास जगण्यात संपतो की मरणात, हेही संदिग्ध राहते. ‘मेसेंजर’ (२००४) आणि ‘सन’ (२०१२) या पुढच्या कादंबऱ्यांतून तो वाचल्याचे कळते. मला मूळची संदिग्धता अधिक प्रामाणिक वाटते.

विस्मृतीची बाजूही लेखिकेला परकी नाही. वृद्धापकाळी आपल्या वडिलांची स्मृती ओसरत गेली आणि आपली थोरली लेक वारली आहे हेही ते विसरले, असे लाउरी यांनी सांगितले आहे. त्या विसरण्यात दिलासा होता. मग सगळ्याच माणसांनी दुःख विसरावे काय, या प्रश्नातून ही कादंबरी उभी राहिली.

बालहत्येचे वर्णन मुलांनी कशाला वाचावे, असे विचारणाऱ्या पालकांची काळजी मला समजते. त्यांना कादंबरीतच उत्तर आहे. पळून जाताना अन्न संपते, आणि जोनसला कळते की आता मात्र खरोखर उपासमार होते आहे. जो शब्द खोटा म्हणून काढून घेतला होता, तोच त्याची अवस्था सांगतो. मागे राहिलो असतो तर रंगांवाचून, प्रेमावाचून आपली उपासमारच झाली असती, हेही त्याच शब्दाच्या आधाराने त्याच्या ध्यानात येते. आज गरज नाही म्हणून दुःखाचे शब्द मुलांपासून दूर ठेवले, तर वेळ आल्यावर त्यांनी कोणत्या शब्दांनी विचार करावा?

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालविणाऱ्या आपणा सर्वांस शब्द कसे नाहीसे होतात हे वेगळे सांगायला नको. हुकूम काढून ते कोणी नेत नाही. आजीबरोबर एकेक शब्द निघून जातो आणि घरात कोणाला चुकल्यासारखेही वाटत नाही. गुरुजींनी परीक्षेला न लागणारे शब्दही मुलांना आवर्जून शिकवले. त्या कार्याचे मोल मला या परदेशी कादंबरीने नव्याने जाणवून दिले. ती आपल्या शाळेच्या ग्रंथालयात यावी आणि वरच्या वर्गांत तिच्यावर मोकळी चर्चा व्हावी, एवढी विनंती करतो.