मनोरुग्णालयाच्या फाटकाबाहेरची परिचर्या



नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 पासूनचं आहे. आपले विद्यार्थी मानसिक आरोग्याची पोस्टिंग करायला मनोरुग्णालयात जातात आणि ती संपली की तो विषयही तिथेच ठेवून परततात. याला माझा ठाम विरोध आहे. नोकरीला लागल्यावर मनाने आजारी असलेला माणूस आपल्याला सर्वाधिक भेटणार आहे तो मेडिसिन, सर्जरी आणि प्रसूती वॉर्डात. म्हणून हा विषय तिथेच, खाटेशेजारी शिकवला पाहिजे.

पाय मोडून भरती झालेला माणूस घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री त्याचे हात थरथरू लागतात, दरदरून घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसू लागतात, तो सलाईन उपटून काढतो. वॉर्डात लगेच शब्द उमटतो, 'वेडा झालाय, बांधा त्याला.' वास्तविक रोजची दारू अचानक तुटल्याने त्याची ही अवस्था झालेली असते आणि ती जिवावर बेतू शकते. भरतीच्या वेळीच सिस्टरने 'शेवटची दारू कधी घेतली?' असं शांतपणे विचारून केसपेपरवर लिहिलं, नाडी आणि रक्तदाबावर लक्ष ठेवलं, ग्लुकोजच्या आधी थायमिनची आठवण डॉक्टरांना दिली, तर बांधायची वेळ बहुधा येतच नाही.

आपल्या विदर्भात त्याहून जड प्रश्न कीटकनाशक प्यायलेल्या रुग्णाचा. पोट धुणं, ॲट्रोपिन, श्वासावर लक्ष हे सगळं आपण चोख करतो. पण शुद्धीवर आलेल्या त्या माणसाला 'अजूनही जगू नये असं वाटतं का?' हे कोण विचारतं? विचारलं तर विचार डोक्यात भरेल, अशी भीती अनेकांना वाटते. आजवरचं संशोधन या भीतीला दुजोरा देत नाही. उलट बोलायला वाट मिळते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 तर असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतं आणि त्याच्या उपचाराची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतं. ती जबाबदारी वॉर्डात प्रत्यक्ष उतरते ती परिचारिकेच्या हातून.

'हे तज्ज्ञांचं काम,' असा आक्षेप येतो. निदान आणि औषध त्यांचंच, यात वाद नाही. पण अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांमध्ये 'विश्राम' प्रकल्पाने गावपातळीवरचे आरोग्यसेवक, प्रशिक्षित समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी बांधली. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. तुलनेला दुसरी गावं नव्हती, ही त्या अभ्यासाची मर्यादा मी नाकारत नाही. तरी जे गावात तज्ज्ञ नसलेल्या माणसांना शिकवता आलं, ते तीन वर्षं जीएनएम शिकणाऱ्या मुलीला शिकवता येत नाही, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. एकेका सिस्टरवर किती खाटांचा भार असतो हे या सभागृहाला सांगायला नको. भरती वाढवण्याची मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण वर सांगितलेले दोन प्रश्न विचारायला दोन-चार मिनिटं पुरतात. झटापटीत आणि पुन्हा सलाईन लावण्यात जाणारा वेळ त्याहून कितीतरी जास्त असतो.

म्हणून प्रत्येक नर्सिंग शाळेला माझी विनंती आहे: याच सत्रापासून मेडिसिन वॉर्डातल्या केस-स्टडीत झोप, दारू, आत्महत्येचा विचार आणि भ्रम यांची नोंद सक्तीची करा, ती कोरी असेल तर गुण कापा, आणि रुग्णाला सुट्टी देताना त्याच्या कार्डावर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विद्यार्थिनीकडून लिहून घ्या.